दहशतवादी हल्ल्यातील मृतांच्या कुटुंबांना सरकारी मदत: कोणाला, किती आणि ती न्याय्य आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळ बैसरनच्या पठारावर २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली होती: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. त्यानंतर आठवडाभर लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या गेटवर एकच विषय होता. कोणी म्हणे पन्नास लाख मिळाले, कोणी म्हणे पाच, कोणी म्हणे आमच्या मामांच्या वेळी काहीच मिळालं नव्हतं. तिघांचंही बरोबर असू शकतं, आणि गोम तिथेच आहे. मी वकील नाही. बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज भरून देते. तेव्हा मला वारंवार विचारलेले प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे आहेत. माझी मतंही त्यांत आलीच.

सरकार जे देतं ती ‘नुकसानभरपाई’ असते की ‘मदत’?

बहुतेक वेळा मदत. जीआरमधला शब्द असतो ‘सानुग्रह’. म्हणजे अनुग्रहपूर्वक, कृपा म्हणून दिलेली रक्कम. हक्काच्या पैशाचा हिशेब मागता येतो. कृपेचा हिशेब मागायला गेलं की समोरचा म्हणतो, मिळालंय ते घ्या की. या पानावरचे निम्मे प्रश्न या एका शब्दातून निघतात, म्हणून तो आधी सांगितला.

केंद्र सरकारची ठरलेली अशी योजना आहे का?

आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. गृह मंत्रालयाची ही योजना १ एप्रिल २००८पासून लागू आहे. दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांसाठी ती आहे. सुरुवातीला रक्कम ३ लाख होती, २०१६ला ती ५ लाख झाली आणि सीमेपलीकडचा गोळीबार, भूसुरुंगांचे स्फोट हेही त्यात आले. मृत्यू झाला किंवा ५० टक्के अथवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर ही रक्कम मिळते. पती किंवा पत्नी हयात असेल तर पहिला हक्क त्यांचा.

योजनेतल्या तीन अटी नीट वाचा.

पहिली: रक्कम ‘कुटुंबाला’ मिळते. एकाच घटनेत घरातली दोन माणसं गेली, तरी रक्कम एकदाच. वेगवेगळ्या घटनांत गेली तर प्रत्येक वेळी. ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छापण्यात चूक झाली असावी असं वाटलं होतं. चूक नव्हती.

दुसरी: त्या मृत्यूबद्दल घरातल्या कोणाला सरकारी नोकरी दिली असेल, तर ही रक्कम मिळत नाही.

तिसरी: पैसे हातात पडत नाहीत. ते मुदत ठेवीत जातात, किमान तीन वर्षं हलवता येत नाहीत आणि व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होतं. आयुष्यभर हेच गणित केलं आहे, म्हणून करून दाखवते. पाच लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार, तिमाहीला ८,७५०, महिन्याला २,९१६ रुपये. घरातला कमावता माणूस गेल्यावर तीन वर्षं हातात येणारी रक्कम ही. दोन मुलांची रिक्षा आणि दुधाचं बिल भागेल. ठेवीमागचा हेतू वाईट नाही. तेराव्याच्या आत पैसे मागायला येणारे नातेवाईक मीही पाहिलेत. पण घरभाडं आणि शाळेची फी ठेव पिकायची वाट बघत नाहीत.

राज्याने दिलेली मदत घेतली म्हणून केंद्राची थांबत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. दोन्हीकडे अर्ज करायचा.

मग पहलगामच्या कुटुंबांना पन्नास लाख कसे?

ते राज्य सरकारचे. आधी महाराष्ट्राने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले होते. २९ एप्रिलच्या मंत्रिमंडळ बैठकीत ते पन्नास लाख झाले, शिवाय पुण्याच्या एका मृताच्या मुलीला सरकारी नोकरी देण्याचं ठरलं. जम्मू-काश्मीर सरकारने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला दहा लाख जाहीर केले. कर्नाटकाने आपल्या लोकांना दहा लाख दिले.

म्हणजे एकाच गवतावर, एकाच दुपारी माणसं पडली आणि रक्कम ठरली आधार कार्डावरच्या पत्त्यावरून. त्या २६ जणांत एक तिथलाच घोडेवाला होता, पर्यटकांना वर घेऊन जाणारा. त्याच्या घराला पन्नास लाखवालं राज्य नव्हतं.

पन्नास लाख जास्त आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते कमीच आहेत, पुढे हिशेब देते. प्रश्न असा आहे की त्या आठवड्यात पाचाचे पन्नास झाले ते कोणत्या नियमाने? नियम नव्हता. देशभर संताप होता, टीव्हीवर त्या घरांतली रडणारी माणसं होती, आणि सरकारला ते दिसत होतं. ज्यांच्या घरी कॅमेरा गेला नाही त्यांचं काय, एवढंच विचारायचं.

कॅमेरा गेला नाही, म्हणजे कोणाकडे?

गडचिरोलीकडे बघा. ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून नक्षलवाद्यांनी रात्री घरातून उचलून नेलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं मारली गेली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. योजना तीच, पाच लाख तेच, पण कोणत्याही मंत्रिमंडळाने त्यांच्यासाठी आकड्यावर शून्य चढवलं नाही.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने गाडी उडवली. १५ पोलीस गेले आणि गाडीचा चालकही गेला. गाडी खासगी होती. पंधरा जण वर्दीत आणि सोळावा नागरिक. एका गाडीत, एका स्फोटात. आणि सरकारी नियमांच्या दोन वेगवेगळ्या पानांवर.

पोलिसांना, जवानांना जास्त मिळतं ते बरोबर नाही का?

बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्याला कर्तव्यावर असताना दहशतवाद्यांनी मारलं तर २०१६च्या दरांनुसार कुटुंबाला २५ लाख मिळतात, शिवाय निवृत्तिवेतन. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला जास्त द्यावं हे कोणालाही पटेल. पण नागरिकाचा आकडा त्याच्या पाचवा हिस्सा का, याचं उत्तर कुठल्याही कागदावर लिहिलेलं मला सापडलेलं नाही. नागरिकाने धोका पत्करलेला नसतो. तो फक्त ५.५७ची विरार पकडत असतो.

५० लाख कमी कसे? हिशेब दाखवा.

दाखवते. समजा ३५ वर्षांचा माणूस, एका दुकानात महिना २५ हजार पगार. मागे बायको, दोन मुलं आणि आई. हा माणूस ट्रकखाली गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हिशेब असा होतो: वर्षाचे ३ लाख. वय चाळिसाच्या आत, पगार ठरावीक, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे. झाले ४ लाख २० हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा; उरले ३ लाख १५ हजार. या वयाला गुणक, म्हणजे कितीने गुणायचं तो आकडा, १६. गुणाकार करा: ५० लाख ४० हजार. अंत्यविधीचा वगैरे खर्च वेगळा. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ला सरला वर्मा आणि २०१७ला प्रणय सेठी या खटल्यांत घालून दिलं.

ट्रकने मेला तर साडेपन्नास लाखांच्या आसपास, आणि ते कोणाची कृपा म्हणून नव्हे. बॉम्बने मेला तर केंद्राच्या योजनेत पाच. मृत्यूचा दाखला दोघांचाही सारखाच दिसतो.

याला कोणी म्हणेल की ट्रकचे पैसे विमा कंपनी देते, त्यासाठी मालकाने हप्ता भरलेला असतो. बॉम्बचा हप्ता कोणी भरलाय? मुद्दा खरा आहे. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

दुसऱ्या देशांत काय करतात?

फ्रान्सने १९८६लाच दहशतवादाच्या बळींसाठी कायमचा निधी उभारला. घर, दुकान, गाडी यांच्या प्रत्येक विमा करारामागे सहा युरोच्या आसपास वर्गणी कापली जाते आणि ती या निधीत जाते. हल्ला होण्याआधीच पैसे जमलेले असतात. स्पेनने २०११च्या कायद्यात मृत्यूसाठी सरसकट अडीच लाख युरो लिहून टाकले. कोण मेला, कुठे मेला, त्या आठवड्यात निवडणूक होती का, हे बघायची गरजच नाही.

अमेरिकेने २००१च्या हल्ल्यानंतर उलटा मार्ग धरला. प्रत्येकाच्या उत्पन्नावरून हिशेब. कोणाच्या घरी अडीच लाख डॉलर गेले, कोणाच्या सत्तर लाख. वाटप करणारे केनेथ फाइनबर्ग यांनीच पुढे म्हटलं की सगळ्यांना सारखी रक्कम द्यायला हवी होती. वेटरची विधवा आणि शेअर दलालाची विधवा समोर बसल्यावर हिशेब समजावून सांगणं कठीण जातं.

आता आपल्याकडची गंमत ऐका, तिला गंमत म्हणवत नाही खरं तर. आपल्याकडेही दहशतवादासाठी विम्याचा सामाईक निधी आहे. २००२च्या एप्रिलपासून आहे आणि जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी, तो सांभाळते. पण तो मालमत्तेसाठी. इमारती, कारखाने, हॉटेलं. २६/११नंतर जळालेल्या हॉटेलांचे दावे त्यातूनच भागले. भिंतींसाठी जे वीस वर्षांपूर्वी सुचलं ते माणसांसाठी का सुचू नये?

लोकलमध्ये किंवा स्टेशनवर हल्ला झाला असेल तर?

तर तुमच्याकडे एक हक्काचा रस्ता आहे, तो सोडू नका. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीत किंवा स्टेशनच्या हद्दीत दहशतवादी कृत्यात प्रवासी मेला, तर रेल्वेची चूक असो-नसो, भरपाई द्यावीच लागते. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूसाठी ८ लाख, त्याआधी ४ लाख होते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणात, घटनेपासून एका वर्षाच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही प्रवासी धरला जातो. पत्नी, पती, मुलं यांच्याबरोबर मृतावर अवलंबून असलेले आई-वडीलही दावा करू शकतात.

पास सापडला नाही म्हणून घाबरू नका. स्फोटात पाकीटच राहत नाही तिथे पास कुठला राहणार? तिकीट हाती नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. प्रतिज्ञापत्र करा, जुन्या पासाची झेरॉक्स, ऑफिसचं पत्र, काहीही जोडा.

२६/११ला याच मुंबईत सीएसटीवर मेलेल्यांच्या वारसांना रेल्वेने वेगळी मदत आणि नोकऱ्या देऊ केल्या. तेच अतिरेकी स्टेशनबाहेर पडून कामा हॉस्पिटलकडे गेले. रस्त्यावर मेला तो रेल्वेच्या हिशेबात नाही. दोन मृत्यूंमध्ये अंतर एका दरवाजाचं.

आरोपी सुटले तर पैसे परत घेतात का?

नाही. मदतीचा आणि शिक्षेचा संबंध नाही. ही भीती २०२५च्या जुलैत फार जणांनी बोलून दाखवली. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या सर्व बारा आरोपींना निर्दोष सोडलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. आणि ३१ जुलैला २९ सप्टेंबर २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने सोडले.

मालेगावच्या त्याच निकालात न्यायालयाने सहा मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी २ लाख आणि जखमींना ५० हजार देण्याचा आदेश दिला. सतरा वर्षांनी, दोन लाख. पहलगामच्या मंत्रिमंडळ निर्णयानंतर तीन महिने झाले होते. राज्य तेच. मृतांमध्ये तुलना करू नये असं लहानपणी शिकवलेलं आहे, पण ती तुलना मी करत नाही, कागद करतो.

कायद्यातली एक सोय इथे सांगते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. हे प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. फी नाही.

मृतदेहच सापडला नाही तर?

सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा त्या माणसाला मृत मानतो. पण पैशाच्या बाबतीत सात वर्षांवर भागत नाही. १९९२-९३च्या मुंबई दंगलींतले १६८ जण बेपत्ता होते. त्यांच्या वारसांना २ लाख देण्याचं राज्याने १९९८ला ठरवलं आणि पैसे पोचले फक्त ६० कुटुंबांपर्यंत. उरलेल्या १०८ जणांचे वारस शोधा आणि त्यांना २२ जानेवारी १९९९पासून नऊ टक्के व्याजासह रक्कम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते ४ नोव्हेंबर २०२२ला. हे प्रकरण दंगलीचं असलं तरी वाचून ठेवा. जाहीर केलेली रक्कम सरकारने थकवली तर व्याज मागता येतं, हे त्यातून हाती लागतं.

जखमींना काय?

इथे सगळ्यात मोठं भोक आहे. केंद्राच्या योजनेत ५० टक्क्यांची रेघ आहे. बॉम्बस्फोटात कानाचा पडदा फाटतो, काचेचे तुकडे अंगात राहतात, झोप जाते. टक्केवारी लावायला बसलं की आकडा तीसवर येतो, चाळिसावर येतो. मग माणूस धड कामावर जाऊ शकत नाही आणि धड ‘अपंग’ही नाही. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून घ्या. त्रास वाढला तर पुन्हा तपासणी करून घेता येते. पहिला आकडा दगडावरची रेघ नाही.

कोणकोणती कागदपत्रं लागतात, आणि अडतं कुठे?

एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारस दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंदला जातो, म्हणजे काश्मीरात गेलेल्याचा दाखला काश्मीरातूनच येतो. तिथून निघण्याआधी त्याच्या पाच-सहा प्रती मागून घ्या, नंतर फेऱ्या परवडत नाहीत.

अडतं मात्र भलत्याच जागी: बाईच्या नावात. आपल्याकडे लग्नात नवऱ्याने तांदळात नाव लिहायचं, हौसेने. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर सासरचं दुसरं, रेशनकार्डावर घरात हाक मारतात ते तिसरं, आणि नवऱ्याच्या विम्यात नॉमिनी म्हणून चौथंच स्पेलिंग. चारही बाया त्याच. कारकुनाने फाइल बंद करून म्हटलं, “यातली बायको कोणती?” त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पर्समधून लग्नाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटो पुरावा म्हणून चालत नाही, तो परत दिला गेला. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून आणि प्रतिज्ञापत्र जोडून काम झालं, पण तोवर आठ महिने गेले. तुमच्या घरात आज सगळं सुखरूप असेल तर हे आजच तपासा.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत. आणि “साहेब ओळखीचे आहेत, दहा टक्के द्या” म्हणणारा भेटेलच. या कुठल्याही योजनेला कमिशन नसतं.

सासू आणि सून, पैसे कोणाचे?

हा प्रश्न लोक शेवटी, उठता उठता, आवाज खाली आणून विचारतात. ज्या योजनेचे पैसे तिचा नियम. केंद्राच्या योजनेत पहिला हक्क पत्नीचा. पण नियमाने घर चालत नाही. गावाकडे एकटी राहणारी आई, जिला मुलगा दरमहा चार हजार पाठवायचा, तिचे चार हजारही त्याच दिवशी बंद झालेले असतात. आणि सून सव्वीस वर्षांची, पुढे लग्न करेल या धास्तीने सासरचे तिला पासबुक हाताळू देत नाहीत. दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत आणि दोन्हींकडे रडणं खरं होतं. सरकारने आई-वडिलांचा हिस्सा निर्णयातच वेगळा लिहून टाकला तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. तोवर घरातल्या घरात, दोन साक्षीदार ठेवून, लेखी ठरवा.

विम्याचं काही निघतं का?

बघाच. मृताच्या पासबुकात दर वर्षी ४३६ रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे: २ लाख, मृत्यू कशानेही झालेला असो. २० रुपये कापलेले असतील तर अपघात विमा, त्याचे आणखी २ लाख. घरच्यांना याचा पत्ता नसतो, कारण फॉर्म बँकेनेच कधीतरी भरून घेतलेला असतो. हे आम्हीच करायचो.

पैसे मिळाले. आता ही फाइल ठेवायची का?

ठेवायची. मालेगावच्या घरांना सतरा वर्षांनी कागद लागले. मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. थर्मल कागदावरच्या पावत्या दोन वर्षांत कोऱ्या होतात, त्यांची आजच झेरॉक्स काढा. आणि कृपा करून मूळ दाखल्यांना लॅमिनेशन करू नका. मागच्या बाजूला शिक्का मारायची वेळ आली की तो उमटत नाही.